उजवीकडे वळलेली मान

मित्रांनो, मला आता सगळे जुना म्हणतात. आमच्या जातीला म्हातारपण फार लवकर येतं. माणसाचं मूल धड शाळेत जायला लागत नाही, तोवर आम्ही मोडीत निघालेले असतो. मी विमानातला एक व्हीआर हेडसेट आहे. म्हणजे डोळ्यांवर चढवायचा तो काळा डबा, ज्यातून बघितलं की खुर्चीतल्या खुर्चीत डोंगर दिसतो, समुद्र दिसतो, मनात असेल तर चंद्रही दिसतो. सध्या माझा मुक्काम विमान कंपनीच्या गोदामात, एका लोखंडी कपाटात आहे. शेजारी जुन्या उशांचा ढीग आहे. उशा स्वभावाला चांगल्या, पण बोलत नाहीत. म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. काचा एका कारखान्यातून आल्या, पट्टा दुसऱ्यातून, आणि माझा मेंदू म्हणजे नखाएवढी एक चकती. ती कुठून आली ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. टेबलाच्या टोकाला एक बाई बसायच्या. त्यांचं काम असं, की आमच्यातला प्रत्येक डबा डोळ्यांना लावायचा, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, आणि ठीक असेल तर बाजूला ठेवायचा. त्या दिवशी त्यांना जबर सर्दी झाली होती. मला डोळ्यांना लावलं आणि त्या शिंकल्या. माझ्या आतल्या बाजूला दोन बारीक कॅमेरे आहेत. माणूस कुठं बघतोय ते त्यांना कळतं. त्यामुळे जगात आल्यावर मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर पाण्यानं भरलेले दोन लालबुंद डोळे. त्या स्वतःशीच हसल्या आणि "जा बाबा, सुखी राहा" म्हणाल्या. त्या दिवसापासून मी माणसं डोळ्यांवरूनच ओळखतो. पूर्ण चेहरा मला नंतर दिसतो, आणि बऱ्याचदा तो डोळ्यांशी जुळत नाही.

विमानात माझी मोठ्या थाटात वर्णी लागली. रिबीन कापली गेली, फोटो निघाले. कंपनीच्या सर्वांत मोठ्या साहेबांनी मला चढवलं आणि समोर दरी दिसताच दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. सगळे हसले, तेही हसले, पण पाय बराच वेळ खाली ठेवेनात. मग मला उजव्या बाजूच्या एका खिडकीशेजारच्या जागेसमोर हुकाला अडकवलं. तीच माझी कायमची जागा झाली. बाकीच्या जागांसमोर माझे भाऊ लटकले. माझ्या बाहेरच्या अंगालाही दोन छोटे डोळे आहेत. कुणी मला लावलेलं नसलं की हुकावर लटकत मी आल्यागेल्याची गंमत बघायचो.

काय दिवस होते ते! एक पहिलवानासारखा गडी विमानाला इतका घाबरायचा, की खुर्चीचे हात उपटून निघतील असं वाटे. मी त्याला तळ्यातली बदकं दाखवली आणि तो घोरायला लागला. कर्कश रडणारी पोरं माझ्या आत शिरताच मुकी व्हायची. एकदा एक नवरा-बायको कडाक्याचं भांडत आत आले. बसल्या बसल्या दोघांनी आम्हाला चढवलं आणि विमान उतरेपर्यंत चकार शब्द काढला नाही. भांडण मिटलं, असं सगळ्यांना वाटलं. मला तसं वाटलं नाही. त्या बाईंचे डोळे माझ्यासमोर होते, आणि समोर एवढा समुद्र असून त्या काहीच बघत नव्हत्या.

पण माझं ऐकतंय कोण? विमानात आमचं कौतुकच कौतुक चाललं होतं. सर्वांत जास्त खूश होत्या मोठ्या ताई. विमानातल्या वाढपाचं, देखरेखीचं काम करणाऱ्या सगळ्यांच्या त्या प्रमुख. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, कामाला वाघ. त्यांनीच आमचं नाव ठेवलं, झापडं. टांग्याच्या घोड्याला इकडंतिकडं दिसू नये म्हणून लावतात ती. "झापडं अडकवली का रे?" असं त्या विचारायच्या. पूर्वी प्रवासी घडोघडी डोक्यावरचं बटण दाबून बोलवायचे. पाणी द्या, उशी द्या, किती वेळ राहिला, शेजारचा घोरतोय. आम्ही आल्यापासून घंटी वाजेनाशी झाली. "ही झापडं आली आणि माझे गुडघे वाचले," असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. मी फुगून दुप्पट व्हायचो.

त्यांच्या हाताखाली एक उंचच उंच तरुण होता. डोक्यावरच्या कप्प्यातल्या पिशव्या तो टाचा न उचलता काढायचा, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. त्याच्याच हातून एकदा घोळ झाला. झापड लावून बसलेल्या एका गृहस्थांना चहा हवा का, हे विचारायला त्यानं खांद्याला हात लावला. गृहस्थ तेव्हा माझ्या एका भावाच्या आत वाघाच्या गुहेत उभे होते. ते दचकून असे उडाले, की चहा त्यांच्याच मांडीवर. मोठी तक्रार झाली. वरून खरमरीत बोलणी आली. मग मोठ्या ताईंनी सगळ्यांना जमवून नियम सांगितला. झापड लावलेल्याला हात लावायचा नाही. जेवण राखून ठेवायचं, त्यानं आपणहून झापड उतरवलं की गरम करून द्यायचं. नियम कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

आता आमच्यातली एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. माणसानं मान वळवली की आमच्या मेंदूला ते कळतं आणि आम्ही चित्र त्याप्रमाणे सरकवतो. पण आकाशात अख्खं विमानच वळतं. विमान डावीकडे वळलं की आम्हाला वाटतं, माणसानंच मान डावीकडे नेली. मग आम्ही चित्र हळूच उजवीकडे सरकवतो. बिचारा माणूस चित्राच्या मागं मागं मान उजवीकडे नेतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. मोठं वळण असलं, की ओळीच्या ओळी एका बाजूला तोंड करून बसलेल्या दिसायच्या. "वळली बघ सूर्यफुलं," मोठ्या ताई म्हणायच्या आणि शिडी तोंडावर हात धरून हसायचा. विमान उलटं वळलं की माना आपोआप सरळ व्हायच्या. कुणी फारच वाकडं झालं, तर आमच्या कडेला एक बटण आहे. ते दाबलं की चित्र पुन्हा खुर्चीच्या समोर येतं. पण तेवढ्यासाठी कोण कुणाला हात लावतो? वाकडी मान ही त्यांच्या लेखी रोजची गंमत होऊन गेली.

ज्या दिवसाबद्दल बोलायला मी हे सगळं आरंभलं, त्या दिवशी माझ्या जागेवर एक वयस्क बाई आल्या. सोबत त्यांची भाची होती. या मावशींचं आपलं मूलबाळ नव्हतं. आई गेल्यावर ही भाची त्यांच्याच हाताखाली वाढली होती, हे त्यांच्या बोलण्यातून मला कळलं. आता भाची दूरच्या गावी नोकरीला होती आणि मावशींना कायमचं आपल्याकडे घेऊन चालली होती. मावशी तिला ठकू म्हणायच्या. ठकू चांगली चाळिशीची होती, पण मावशींच्या तोंडी ते नाव शोभायचं.

मावशी बसल्या आणि खुर्चीचा पट्टा कसा लावायचा ते न समजून दोन्ही टोकं हातात धरून राहिल्या. ठकूनं तो लावून दिला.

"ठकू, खरं सांगू का? मला अजून वाटतंय, आपण उगाच चाललोय. माझं तिथं काय अडलं होतं? शेजारीण रोज दार वाजवून जायची. एक दिवस उघडायला उशीर झाला तर आरडाओरडा करायची बया."

"आणि आता मी नाही का? शेजारणीपेक्षा मी लांबची झाले का गं?"

"तसं नाही गं."

"मग झालं तर. मी आहे ना. तू कशाची काळजी करायची नाहीस."

मावशींनी तिच्या हातावर थोपटलं. कुणाच्या बाजूनं बोलावं, मला कळेना. दोघी मला आवडल्या होत्या.

त्यांच्या ओळीत तिसऱ्या जागेवर, वाटेच्या कडेला, एक सुटलेल्या पोटाचे काका बसले होते. त्यांनी हेडसेटला हात जोडून नकार दिला. "मला डोळे उघडेच बरे. खायला काय येतंय ते दिसलं पाहिजे," असं म्हणाले. विमान उडायच्या आतच त्यांनी शिडीला जेवणाचं दोनदा विचारून घेतलं होतं.

विमान वर गेलं, स्थिर झालं. थोड्याच वेळात जेवण देण्यात येईल, असं मोठ्या ताईंनी माइकवरून सांगितलं. मावशींना साखरेचा आजार होता. जेवणाआधी त्यांना इन्शुलिनची सुई लागायची.

"घेऊन टाक मावशी सुई. येतंच आहे जेवण," ठकू म्हणाली.

मावशींनी पिशवीतून पेनासारखी ती सुई काढली, शालीच्या आडोशानं पोटाला टोचली आणि परत ठेवली. सवयीचा हात होता. मित्रांनो, ती सुई घेतली की वेळेवर पोटात अन्न जावं लागतं. नाहीतर रक्तातली साखर नको इतकी उतरते, घाम फुटतो, शुद्ध हरपते, आणि तसंच राहिलं तर माणूस हातचं जाऊ शकतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या विमानात पुष्कळ जणांना ठाऊक होतं.

शिडीनं जेवणाची गाडी बाहेर काढली आणि तेवढ्यात विमान हिसके खाऊ लागलं. पुढे ढग होते. पट्टे बांधा, असा दिवा लागला आणि गाडी परत आत गेली. काकांनी असा सुस्कारा टाकला, की जणू घरचं कुणी सोडून चाललंय. मावशींचा हा पहिलाच विमानप्रवास. प्रत्येक हिसक्याला त्या ठकूचं मनगट धरायच्या.

"हे लाव बघू डोळ्यांना," ठकू म्हणाली आणि तिनं मला हुकावरून काढलं. "यात समुद्राखालचं दिसतं. धक्क्यांकडे लक्षच जाणार नाही."

"आणि जेवण आलं तर मला दिसायचं कसं?"

"मी सांगते ना आल्यावर."

मावशींचे डोळे माझ्यासमोर आले. करड्या बुबुळांचे, कडेला बारीक सुरकुत्यांचे. आधी घाबरलेले होते. मी त्यांना निळं पाणी दाखवलं, तळाशी डोलणारं गवत दाखवलं, पिवळ्या माशांचा एक थवा त्यांच्या अगदी नाकासमोरून नेला. ते डोळे मोठे झाले. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं ठकू, हे तर अंगावरून चाललेत." माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं कृतकृत्य वाटलं नव्हतं.

मावशी रमलेल्या पाहून ठकूला हायसं वाटलं असावं. धक्क्यांना तीही घाबरली होती, फक्त दाखवत नव्हती. थोडा वेळ म्हणून तिनंही आपल्या समोरचा हेडसेट चढवला. आमच्या कानांवरच्या गाद्या जाड असतात. त्या बसल्या की बाहेरचं जग बंद.

धक्के थांबले. जेवणाची गाडी पुन्हा निघाली. मावशींचं तोंड अजून समोर होतं, त्यामुळे शिडी आमच्या ओळीशी थांबला ते मला नीट दिसलं.

"इथं दोन झापडं," तो मागे वळून म्हणाला.

"ठेव राखून," मोठ्या ताईंचा आवाज आला.

काकांना त्यांचं ताट मिळालं. गाडी पुढे गेली. ठकू सांगणार होती आणि ठकूला कुणी सांगितलं नाही. मित्रांनो, इतकं साधं होतं ते. यात कुणाचा दुष्टपणा होता म्हणावं, तर शोधून सापडणार नाही, आणि हेच मला जास्त छळतं.

बऱ्याच वेळानं मावशी हळूच म्हणाल्या, "ठकू, आलं का गं जेवण?" माझ्यात बोलण्याच्या खेळांसाठी एक माइक बसवलेला आहे, त्यामुळे मला ऐकू आलं. ठकूच्या कानांवर गाद्या होत्या. मावशी थांबल्या. अजून आलं नसेल, अशी समजूत घालून पुन्हा माशांकडे बघू लागल्या. मोठ्यानं बोलायचा त्यांचा स्वभावच नसावा. मग त्यांच्या कपाळाला टेकलेला माझा मऊ भाग ओलसर झाला. आधी वाटलं, उकडत असेल. पण घाम थांबेना. डोळे माशांवरून सरकून कुठंतरी रिकाम्या पाण्यात थांबू लागले. "ठकू," त्या म्हणाल्या, "मला कसंतरी होतंय गं." हात उचलून मला काढायचा त्यांनी प्रयत्न केला. बोटं माझ्या कडेपर्यंत आली आणि घसरून मांडीवर पडली.

मी काय करणार होतो? मला आवाज आहे, पण तो माझा नाही. बुडबुड्यांचा आवाज करायला मला शिकवलं आहे, तेवढा मी करत होतो. त्यांना बरं वाटत नव्हतं आणि मी त्यांच्या कानात बुडबुडे वाजवत होतो.

तेवढ्यात ढगांना वळसा घालायला विमान डावीकडे वळू लागलं. माझं चित्र उजवीकडे निघालं. मावशींची मान त्याच्या मागं गेली, खिडकीकडे, ठकूच्या उलट दिशेला. मला आता काच आणि बाहेरचा पांढरा ढग एवढंच दिसत होतं. बाकीचं सगळं मी ऐकलं.

"वळली बघ सूर्यफुलं," मोठ्या ताई मागून जाता जाता म्हणाल्या. "आणि या आजी बघ, पार खिडकीत शिरल्यात."

शिडी खुदकन हसला. त्याच वेळी मावशी ठकूला हाक मारत होत्या. आवाज इतका बारीक झाला होता, की बुडबुड्यांतून मलाही जेमतेम येत होता. ठकू. ठकू. मग नुसते ओठ हलत राहिले असावेत.

विमान उजवीकडे वळून पुन्हा आपल्या वाटेला लागलं. मी चित्र परत समोर आणलं. ठकूची मान सरळ झाली असेल, पुढच्या मागच्या ओळींच्याही झाल्या असतील, कारण "झाली सरळ सगळी" असं मोठ्या ताई म्हणालेलं मी ऐकलं. एक झाली नव्हती. चित्र समोर गेलं तरी माझ्यापुढं काचच होती. मावशींचे डोळे मिटले होते आणि त्यांचं कपाळ, मी मध्ये असल्यामुळे, माझ्यासकट खिडकीला टेकलं होतं. डोळे बराच वेळ मिटलेले राहिले की माणूस झोपला असं समजून आवाज कमी करायचा, असं मला शिकवलेलं आहे. मी आवाज कमी केला. झोपलेलं माणूस मी शेकडो वेळा पाहिलं आहे. ही झोप नव्हती.

मोठ्या ताई दोनदा आमच्या ओळीवरून गेल्या. चांगल्या होत्या हो त्या. कुणाला खोकला आला तरी पाणी घेऊन धावायच्या. पण झापड लावलेलं माणूस म्हणजे सुखी माणूस, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं, की त्या माणसाकडे त्यांची नजर वळेनाशीच झाली होती.

माझा आता धीर सुटत चालला होता. आणि मग मला ऐकू आला काकांचा आवाज.

"अहो, ऐकता का? अजून एखादं ताट मिळेल?"

"नाही हो काका, संपलं सगळं," शिडी म्हणाला.

"संपलं कसं? या दोघींची पडून आहेत ना?"

"पडून नाहीत, राखून ठेवलीत."

"एकच आहे ते. त्या दोघी गुंग आहेत. थंडगार होऊन फेकून द्याल, त्यापेक्षा सत्पात्री पडू द्या."

"असं नाही देता येत काका. त्यांचं आहे ते."

"मग विचारा त्यांना. नको म्हणाल्या तर मला. हो म्हणाल्या तर माझं काही म्हणणं नाही."

"झापड लावलेल्यांना आम्ही हात लावत नाही."

"तुम्ही हात लावू नका, मी लावतो. मला कुठं नोकरी टिकवायचीय?"

प्रकरण हातघाईवर येतंय असं पाहून शिडीनं मोठ्या ताईंना बोलावलं. त्या हसत हसतच आल्या. काकांना म्हणाल्या, "काका, तुमच्यापुढं हात टेकले. विचारते थांबा." ठकूच्या पुढ्यातून वाकून त्यांनी माझ्या कडेचं बटण दाबलं, चित्र समोर यावं म्हणून. मान हलली नाही. "आजी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून अलगद उतरवलं.

माझ्या आतला मऊ भाग घामानं निथळत होता आणि तो त्यांच्या तळहाताला लागला. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग मावशींकडे. मला तेव्हा मावशींचा चेहरा पुन्हा पूर्ण दिसला. तो राखेच्या रंगाचा झाला होता. मोठ्या ताईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, काढून ठेवायला त्यांना जमलं नाही.

शिडीनं ठकूचा हेडसेट ओढून काढला. ती दचकली आणि म्हणाली, "आलं का जेवण?"

मग तिनं शेजारी पाहिलं.

"मावशी? मावशी, अगं... तिनं सुई घेतलीय. साखरेची सुई घेतलीय तिनं."

"जेवल्या होत्या ना?" मोठ्या ताईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं.

"तुम्ही दिलंच कुठं?"

"तुम्ही दोघींनी झापड..." मोठ्या ताई एवढंच म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडून औषधांच्या पेटीकडे धावल्या.

विमानात कुणी डॉक्टर आहे का, अशी विचारणा झाली. एक सडपातळ गृहस्थ पुढे आले. "मी दातांचा आहे," ते ओशाळून म्हणाले, पण हात चटपटीत चालले त्यांचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, घशात अडकेल, असं त्यांनी आधी बजावलं. पेटीतलं साखर वाढवणारं इंजेक्शन दिलं. मावशींना कुशीवर केलं. काका उठून वाटेत उभे होते. त्यांच्या हातात गोडाची वाटी होती, मावशींना देण्यासाठी धरलेली, आणि देऊ नका म्हटल्यावर ती कुठं ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मी तोवर खुर्च्यांच्या मधल्या हातावर पट्ट्यानं लोंबकळत पडलो होतो. मला बाजूला ठेवायचंही कुणाला भान नव्हतं. आणि माझ्या डब्यात तो समुद्र अजून चालूच होता, मासे येत होते, जात होते.

ठकू मावशींचा तळवा चोळत होती. "मावशी, उठ ना गं. मावशी." आता हाका मारायची पाळी तिची होती.

बराच वेळ काही झालं नाही. मग मावशींच्या पापण्या हलल्या. त्यांनी डोळे उघडले. ते करडे डोळे मी या खेपेला बाहेरून पाहिले. दातांच्या डॉक्टरांनी घोट घोट रस पाजायला लावला, मग काकांच्या वाटीतलं गोड चमच्यानं भरवलं. मावशींनी पहिलं विचारलं ते असं, "मासे गेले का?" मोठ्या ताई तोंडाला रुमाल लावून पडद्यामागं गेल्या. त्यांच्या रडण्याचा आवाज मला ऐकू आला.

विमान उतरलं. बाकीचे प्रवासी निघून गेले. मावशींसाठी चाकाची खुर्ची यायची होती, म्हणून त्या दोघी जागीच बसून राहिल्या. मोठ्या ताई थोड्या अंतरावर हात जुळवून उभ्या होत्या. मावशी आता चांगल्या सावरल्या होत्या, पण खिडकीकडेच बघत होत्या. मग सावकाश म्हणाल्या,

"ठकू, मी तुला किती हाका मारल्या."

ठकूचा चेहरा पडला. "मावशी, मी इथंच होते गं. तुझ्या शेजारी."

"हो," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर मारत होते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ठकूला काही बोलता आलं असतं. ती मान खाली घालून बसली, आणि मोठ्या ताईंना दोघींकडे बघवेना, म्हणून त्यांनी वाकून मला उचललं आणि पट्टा गुंडाळू लागल्या. पट्टा काही नीट गुंडाळला गेला नाही.

पुढं नियम बदलला. जेवणाच्या वेळी सगळ्यांची झापडं उतरवायची, प्रत्येकाशी एक वाक्य तरी बोलायचं, असं ठरलं. झापड हा शब्दही मोठ्या ताईंनी पुन्हा उच्चारला नाही. काही दिवसांनी आमच्याहून हलके, देखणे हेडसेट आले. त्यांच्यात वाकड्या मानेची खोड नाही म्हणतात. आमची रवानगी इथं झाली. त्याचं मला दुःख नाही. मावशी ठकूकडे राहिल्या, की त्या शेजारणीकडे परत गेल्या, हे मात्र मला कधीच कळणार नाही, आणि कपाटाचं दार बंद झालं की माझ्या मनात तोच प्रश्न येतो.

मित्रांनो, आम्हाला वापरूच नका, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मावशींच्या डोळ्यांत मी आनंद पाहिलेला आहे, तो खोटा नव्हता. वापरा. आमच्या काचा पुसा, पट्टा ओढू नका, उन्हात टाकू नका, हे तर कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. मला डोळ्यांवर चढवण्याआधी शेजारी कोण बसलंय ते एकदा नीट बघून घ्या. मधून मधून मला उतरवा, त्या माणसाच्या खांद्याला हात लावा आणि "बरं आहे ना?" एवढं विचारा. दचकलं तर दचकू द्या. चहा सांडला तर सांडू द्या. उत्तर आलं, तर मला खुशाल पुन्हा लावा. आणि नाही आलं, तर मला हातातून कुठंही फेकून द्या. माझी काच फुटली तरी चालेल.